बोटभर उंचीचे सेनानी

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रांतील अंगणाअंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात. त्या किल्ल्यांवर मांडलेल्या चित्रांकडे जो लक्षपूर्वक पाहील, त्याच्या एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. पायथ्याशीं पहारा देणारे मावळे लहान असतात, त्यांच्या अंगावरचे रंगहि दोन-तीनच असतात. माथ्यावरील सिंहासनाधिष्ठित मूर्ति मात्र मोठी असते. तिच्या शिरपेचाला पिवळा ठिपका असतो, दाढीची रेघ जपून ओढलेली असते. सेनापति सैन्याहून निराळा दिसला पाहिजे, हें त्या चिताऱ्याला कोणत्याहि ग्रंथानें शिकविलेलें नसतें. तें ज्ञान हाताला परंपरेनें आलेलें असतें.

युरोप आणि अमेरिका या खंडांत हीच हौस प्रौढ माणसांनीं एका स्वतंत्र कलेच्या पदवीला नेऊन पोहोंचविली आहे. मोठ्या मेजावर टेंकड्या, ओढे, कुंपणें व खेडीं यांची लहानशी प्रतिकृति मांडावयाची, दोन्ही बाजूंना रंगविलेल्या सैनिकांच्या पलटणी उभ्या करावयाच्या, आणि मोजपट्टी व फांसे हातीं घेऊन, ठरलेल्या नियमांनीं एखादी ऐतिहासिक लढाई पुन्हां लढून पाहावयाची, असें या युद्धक्रीडेचें सामान्य स्वरूप आहे. खेळ एका सायंकाळीं आटोपतो. परंतु त्यासाठीं सैन्य रंगविण्यांत कित्येक महिने, क्वचित् वर्षेंहि जातात. आणि त्या सैन्यांत सर्वांत अधिक वेळ खातो तो अंमलदार.

या क्रीडेचा उगम दोन निरनिराळ्या झऱ्यांतून झालेला आहे. पहिला झरा लष्करी शिक्षणाचा. इ. स. १८१२ मध्यें बॅरन फॉन राइसविट्झ नांवाच्या गृहस्थानें प्रशियाच्या राजाला एक युद्धपट करून दिला. त्याचा पुत्र तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें १८२४ सालीं त्या खेळाचे सविस्तर नियम छापून प्रसिद्ध केले. खऱ्या नकाशावर लाल व निळे ठोकळे सरकवावयाचे, आज्ञा लेखी द्यावयाच्या, आणि निर्णय तिऱ्हाइत पंचानें करावयाचा, अशी ती पद्धति होती. सेनाप्रमुख जनरल म्युफ्लिंग यानें तो प्रयोग पाहिला, आणि हा खेळ नसून युद्धाची पाठशाळा आहे, अशा आशयाचा अभिप्राय देऊन त्याची सैन्यांत शिफारस केली. परंतु या पटावर माणूस नव्हता; नुसते ठोकळे होते.

दुसरा झरा खेळण्यांचा. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं अठराव्या शतकांत कथलाचे चपटे सैनिक ओतले जाऊं लागले. पुढें भरीव शिशाचे गोलाईदार सैनिक आले; पण ते जड व महाग असत. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यानें एक युक्ति काढली. सांच्यांत ओतलेलें शिसें बाहेरून गोठतें न गोठतें तोंच आंतला पातळ भाग बाहेर ओतून टाकावयाचा. अशानें सैनिक पोकळ होई, हलका होई, धातु वांचे आणि किंमत उतरे. मध्यम वर्गाच्या घरांतील मुलांपर्यंत शिशाची फौज पोहोंचली ती या युक्तीमुळें. ही फौज पाहून प्रसिद्ध कादंबरीकार एच्. जी. वेल्स यालाहि मोह आवरला नाहीं. त्यानें १९१३ सालीं ‘लिटल् वॉर्स’ नांवाचें छोटेंसें पुस्तक लिहून घरांतल्या जमिनीवर खेळावयाच्या युद्धाचे नियम जगापुढें मांडले. खेळण्यांतली तोफ लाकडाची लहानशी कांडी फेंके व ज्या सैनिकाला ती पाडी तो मेला असें धरीत. राइसविट्झचा पट आणि ब्रिटनचा सैनिक यांची गांठ अशा रीतीनें पडली. पुढें १९६२ मध्यें डॉनल्ड फेदरस्टोन या इंग्रज लेखकाचें ‘वॉर गेम्स’ हें पुस्तक निघालें आणि मोठ्या माणसांच्या या छंदाला चांगलाच बहर आला.

आजचा युद्धक्रीडेचा सैनिक बहुधा २८ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे एका इंचाहून किंचित् अधिक असतो. याहून लहान, पंधरा किंवा सहा मिलिमीटरांच्या मूर्तीहि मिळतात. विषारी शिशाऐवजीं आतां बहुतेक ठिकाणीं कथीलप्रधान मिश्रधातु अथवा प्लॅस्टिक वापरतात. मूर्ति रंगहीन मिळते, आणि तिच्यांत प्राण घालण्याचें काम चिताऱ्याकडे राहतें.

त्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. सांच्याच्या दोन अर्धांच्या सांध्यावर धातूची बारीक शीर उमटलेली असते. ती प्रथम कानशीनें घासून काढावी लागते, नाहीं तर सेनापतीच्या गालावर रंग चढल्यानंतर ती व्रणासारखी उठून दिसते. नंतर मूर्ति साबणाच्या पाण्यानें धुतात, कारण सांच्यांतला तेलकट अंश राहिला तर रंग धरत नाहीं. मग ती एखाद्या बुचावर चिकटवून घ्यावयाची, म्हणजे बोटांचा स्पर्श न होतां ती चहूंकडून फिरवितां येते. त्यावर काळ्या, पांढऱ्या किंवा करड्या अस्तराचा एक पातळ हात द्यावयाचा. अस्तर वाळल्यावर चेहरा, डगला, विजार, पट्टे, शस्त्र, घोडा असे क्रमाक्रमानें मूळ रंग भरावयाचे. कुंचला उत्तम असावा लागतो. सायबेरियांतील मुंगुसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा कुंचला त्यासाठीं नांवाजलेला आहे. तो पोटांत रंग पुष्कळ धरतो आणि टोंकाला एका केसासारखा निमुळता होतो. आपल्याकडील लघुचित्रकार खारीच्या शेपटीचे केस याच गुणासाठीं वापरीत.

येथपर्यंतचें काम धीराचें आहे. कलेला प्रारंभ यानंतर होतो. जिवंत माणसाच्या अंगरख्याला घडी पडली कीं तिच्या आंत खोल छाया पडते, आणि खांद्यावर उजेड चमकतो. परंतु इंचभर मूर्तीची घडी अर्ध्या केसाइतकीच खोल असते. खोलींतल्या दिव्याचा प्रकाश तिच्यांत सर्वत्र सारखा शिरतो व छाया पडतच नाहीं. म्हणून जी छाया निसर्ग देत नाहीं ती चिताऱ्याला रंगानें द्यावी लागते. घडीच्या तळाशीं मूळ रंगाहून गडद पातळ रंग सोडावयाचा, मधल्या भागीं मूळ रंग राखावयाचा, आणि कडेवर उजळ रंगाची एकच रेघ ओढावयाची. लाल डगल्याची छाया काळ्या रंगानें केली तर ती मळकट दिसते. तपकिरी किंवा जांभळट लाल घेतला तर कापडाला ऊब येते. सोनेरी कलाबतूलाहि नुसता सोनेरी रंग फांसून भागत नाहीं. खालीं तपकिरी थर, वर गेरवट पिवळा आणि शेवटीं फिक्या पिवळ्याचे दोन-चार ठिपके, एवढ्यानें जरीचा भास पुरा होतो. हें सर्व तीन फुटांवरून दिसावयाचें असतें, हें ध्यानांत ठेवूनच प्रत्येक भेद थोडा वाढवून दाखवावा लागतो. नाटकांतला नट चेहऱ्यावर रंग चढवितो तो याच कारणासाठीं.

सर्व मूर्तींत अंमलदाराचाच एवढा आदर कां, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. एक कारण खेळाचेंच आहे. पुष्कळ नियमपद्धतींत सेनापतीची आज्ञा ठराविक इंचांपर्यंतच पोहोंचते असें मानतात. त्या अंतराबाहेरची पलटण जागच्या जागीं खिळून राहते, किंवा तिला हलविणें फांशांच्या मर्जीवर सोंपवावें लागतें. यामुळें शेंकडों मूर्तींच्या गर्दींत अंमलदार कोठें आहे हें एका दृष्टिक्षेपांत कळणें अवश्य असतें. दुसरें कारण इतिहासाचें आहे. नेपोलियनच्या काळांत बंदुकीच्या दारूचा धूर रणांगणावर दाटला म्हणजे सैनिकाला आपला कप्तान ओळखतां यावा, यासाठींच अंमलदाराचा वेष निराळा ठेवलेला होता. परंतु जी खूण स्वकीयांना दिसते ती शत्रूच्या नेमबाजालाहि दिसते. अंमलदाराची शोभा आणि त्याचा मृत्यु ही एकाच सुईनें टांचलेलीं असत.

त्या वेषाच्या खुणा मोठ्या सूक्ष्म आहेत. इंग्रज पायदळाचा सामान्य शिपाई तांबडा डगला घाली, आणि अंमलदारहि तांबडाच घाली. पण दोन्ही तांबडे एक नव्हते. शिपायाचें कापड मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीनें रंगविलेलें असे. तें विटकरी दिसे, आणि मोहिमेच्या उन्हापावसांत अधिकच विटे. अंमलदाराच्या तलम कापडाला कोचिनील नांवाच्या किड्यांपासून काढलेला लखलखीत किरमिजी छटेचा लाल रंग दिलेला असे. जो चितारी दोघांना एकाच डबींतला लाल रंग देतो, तो नकळत त्या सैन्यांतला श्रीमंत-गरिबाचा भेद पुसून टाकतो. कंबरेच्या रेशमी लाल पट्ट्याचेंहि तसेंच आहे. इंग्रज पायदळाचा अंमलदार तो कंबरेला गुंडाळी, तर स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणींचा अंमलदार तो डाव्या खांद्यावरून तिरपा घेई.

खांद्यावरील झालरीचें भूषण, ज्याला एपोलेट म्हणतात, तें तर एक लिपीच आहे. १८१० नंतर इंग्रज पायदळांतील मेजर व त्यावरचे अधिकारी दोन्ही खांद्यांवर तें वापरीत. साध्या कंपनीचा कप्तान केवळ उजव्या खांद्यावर. फ्रेंच कप्तानाची झालर मात्र डाव्या खांद्यावर असे, आणि उजव्या खांद्यावर झालर नसलेली नुसती पट्टी असे. अशा दोन कप्तानांना मेजावर समोरासमोर उभें केलें, कीं दोघांच्या झालरी एकाच बाजूला येतात, जणूं एक दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब. एवढा भेद कोणाला दिसणार आहे, असें एखादा म्हणेल. परंतु ज्या चिताऱ्यानें तो भेद एकदां शोधून काढला, त्याला तो चुकवून पुढें जाणें मग कठीण होतें.

या शोधांत एक नवल पदरीं पडतें. जो जो अधिकारी मोठा, तो तो वेषानें भपकेदार असेल, अशी नवशिक्याची कल्पना असते. आणि नेपल्सच्या गादीवर बसलेल्या म्युराकडे पाहिलें तर ती खरीहि वाटते, कारण पिसारे, जर आणि रंगीबेरंगी पोशाख यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु सर्वांत मोठे दोघे अगदीं साधे होते. नेपोलियनचा करडा ओव्हरकोट आणि त्याखालचा हिरवा डगला जगप्रसिद्ध आहेत. तो डगला त्याच्या संरक्षक घोडदळांतील कर्नलचा, सम्राटाचा नव्हे. वेलिंग्टन ता. १८ जून १८१५ रोजीं वॉटर्लूच्या मैदानावर कोपनहेगन नांवाच्या तांबूस घोड्यावर बसला होता, आणि त्याच्या अंगावर साधा निळा कोट होता. जर नव्हती कीं झालर नव्हती. सर टॉमस पिक्टन या त्याच्या शूर सेनापतीचें सामानच वेळेवर पोहोंचलें नव्हतें. म्हणून तो नागरिकी कोट आणि उंच टोपी घालून लढला. दोनच दिवसांपूर्वीं कात्र ब्रा येथें त्याला गोळी लागून फांसळ्या दुखावल्या होत्या आणि ती जखम त्यानें लपवून ठेविली होती. वॉटर्लूवर आपल्या सैन्याला पुढें घालीत असतां डोक्यांत गोळी लागून तो पडला. पिक्टनची मूर्ति रंगविणारा जेव्हां गणवेशाऐवजीं काळी टोपी रंगवितो, तेव्हां त्याला रंग फार थोडे लागतात. परंतु त्या थोड्या रंगांमागें एक सबंध दिवस उभा असतो.

असल्या लहानशा मूर्तींनीं केवढा वाद उत्पन्न होऊं शकतो, याचें उदाहरण त्याच लढाईच्या इतिहासांत आहे. कॅप्टन विल्यम सायबॉर्न या इंग्रज अंमलदाराला १८३० सालीं वॉटर्लूची प्रतिकृति करण्याचें काम सांगण्यांत आलें. तो त्या रणभूमीवरील ला ए सेंत या वाड्यांत आठ महिने राहिला आणि त्यानें जमिनीचा चढउतार मोजून काढला. मग हयात असलेल्या अंमलदारांना त्यानें पत्रें धाडून विचारलें, सायंकाळीं सातच्या सुमारास तुमची पलटण कोठें होती, समोर कोण होतें, शेतांत कोणतें पीक होतें. मध्यंतरीं सरकारनें पैसा देण्याचें थांबविलें. सायबॉर्ननें पदरचे पैसे घातले, कर्ज काढलें, आणि १८३८ मध्यें सुमारें ४०० चौरस फूट विस्ताराची व ७०,००० हून अधिक चिमुकल्या धातूच्या सैनिकांची ती प्रतिकृति लंडनच्या पिकॅडिलींत लोकांपुढें ठेविली.

लोकांनीं गर्दी केली; परंतु वेलिंग्टनच्या वर्तुळाला ती रुचली नाहीं. कारण सायबॉर्ननें आलेल्या माहितीप्रमाणें प्रशियाची फौज फ्रेंचांच्या बगलेवर जेथें आणि जेवढी दाखविली होती, त्यावरून विजयाचा मोठा वांटा प्रशियनांचा ठरत होता. ड्यूकच्या अधिकृत वृत्तांताशीं तें जुळत नव्हतें. पुढें सायबॉर्ननें आपली मांडणी चुकल्याचें सांगून प्रशियन मूर्तींचा मोठा भाग उचलून घेतला. तें मत त्यानें मनापासून बदललें कीं दडपणाखालीं, यावर इतिहासकारांत अजूनहि वाद आहे. तो १८४९ सालीं वारला. त्याला आलेल्या पत्रांपैकीं निवडक पत्रें त्याच्या पुत्रानें १८९१ मध्यें छापलीं, आणि आज वॉटर्लूवर लिहिणाऱ्या कोणालाहि त्या पत्रांवांचून चालत नाहीं. प्रतिकृति लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयांत आहे. बोटाच्या पेरापेक्षां लहान सैनिक कोठें उभा करावा, एवढ्याच प्रश्नावरून एका प्रामाणिक माणसाचें सारें आयुष्य ढवळून निघालें.

हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूरचा नाहीं. ज्या वेलिंग्टनची मूर्ति युरोपांतील चितारी रंगवितात, तो आर्थर वेलस्ली या नांवानें ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आजच्या जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ, केळणा व जुई या नद्यांच्या संगमाच्या बेचक्यांत, दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजेशीं लढला. त्या वेळीं तो चौतीस वर्षांचा होता. त्याच्याखालचा एक घोडा ठार झाला, दुसरा भाल्यानें जखमी झाला. त्याच्या सैन्यांतील ठार व जखमींचा आंकडा दीड हजारांहून अधिक भरला. ७४ व्या पलटणीचे तर बहुतेक सारे अंमलदार पडले वा जखमी झाले. ही लढाई युद्धक्रीडेच्या मेजांवर आजहि मांडली जाते.

तिच्यांतील इंग्रज बाजू रंगविणें सोपें. पलटणींचे क्रमांक, कॉलरचे रंग, गुंड्यांची मांडणी, सर्व नोंदलेलें आहे. मराठ्यांकडील कवायती कंपू शिंद्यांच्या चाकरींतल्या द ब्वान्य यानें उभारलेल्या परंपरेंतले होते, आणि असईस त्यांची आघाडी हॅनोव्हरच्या पोलमनकडे होती. परंतु मराठा सरदार कसा रंगवावा? त्याचा अधिकार खांद्यावरच्या झालरीवर लिहिलेला नसे. तो पागोट्याच्या बांधणींत, शिरपेचांत, घोड्याच्या सामानांत, डोक्यावर धरलेल्या अब्दागिरींत आणि जवळून चालणाऱ्या जरीपटक्यांत वाचावा लागे. ज्या चिताऱ्याला ही लिपि येत नाहीं, तो सगळ्या सरदारांना भडक रंगाचे एकसारखे अंगरखे चढवून मोकळा होतो, आणि मेजावर एका बाजूला नांवांची माणसें व दुसऱ्या बाजूला निनांवी गर्दी उभी राहते.

त्यांतहि असईचे मराठी गोलंदाज विसरून चालणार नाहीं. ते तोफांपाशीं संगिनींनीं भोंसकले जाईपर्यंत उभे राहिले, आणि पडलेल्यांपैकीं कांहींनीं इंग्रजांची रांग पुढें गेल्यावर उठून पुन्हां तोफा डागल्या, अशी साक्ष शत्रूनेंच दिलेली आहे. त्यांचीं नांवें कोणत्याहि खलित्यांत नाहींत. त्यांच्या चेहऱ्यांना सेनापतीच्या चेहऱ्याइतकाच वेळ देणें, कातडीच्या रंगाची एक छटा अधिक घालणें, हातांतल्या गजाची दोरी नीट रंगविणें, एवढेंच चिताऱ्याच्या हातीं असतें. परंतु तेवढें केलें म्हणजे मेजावरची लढाई एकतर्फी राहत नाहीं.

या छंदावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. युद्धासारख्या भयंकर गोष्टीला रंगरोगण लावून तिचें खेळणें करणें हें गैर नव्हे काय? आक्षेप टाकाऊ नाहीं. आणि त्याचें उत्तर देण्याचा यत्न वेल्सनें १९१३ सालींच केला होता. खेळण्यांतलें युद्ध तीन-चार वेळां लढून पाहिलें, कीं खरें युद्ध केवढें गोंधळाचें असेल तें कळतें, अशा आशयाचें त्याचें म्हणणें होतें. ज्यांना लढाईची हौस आहे त्यांना एका खोलींत कोंडून शिशाचे सैनिक द्यावेत, असेंहि त्यानें सुचविलें. पुढच्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें. वेल्सची सूचना कोणी मानली नाहीं, म्हणून ती खोटी ठरली असें म्हणतां येत नाहीं.

रंग वाळला कीं मूर्तीवर रोगणाचा हात द्यावयाचा, पायाशीं वाळू चिकटवावयाची, वाळूवर सुक्या गवताचा रंग द्यावयाचा. मग सेनापति कपाटांतल्या फळीवर चढतो. खेळाच्या रात्रीं फांसा उलटा पडला, तर तो आडवा होतो. डांव संपला कीं त्याला उचलून पुन्हां उभा करतात. पिक्टनला तसें कोणी उभें केलें नाहीं, आणि असईच्या गोलंदाजांनाहि नाहीं. कुंचला धुऊन ठेवतांना जो चितारी एवढें मनांत आणतो, त्याच्या हातून पुढच्या मूर्तीचा चेहरा घाईनें रंगविला जात नाहीं.